दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

मी २२ वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून नोकरी केली. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ यांचा हिशेब करून तो कागद कॅप्टनच्या हाती द्यायचा, हे आमचं काम. त्यातली बहुतेक वर्षं टर्बोप्रॉपवर, म्हणजे पंख्यांच्या विमानांवर गेली. एका छोट्या विमानतळावरून दुसऱ्या छोट्या विमानतळावर, पाऊण-एक तासाची उड्डाणं. त्यामुळे ओळखीतल्या कुणाला प्रवास करायचा असला की प्रश्न माझ्याकडे येतो: इथून तिथे विमानाने अंतर किती, आणि वेळ किती लागेल?

विचारणाऱ्याने बहुधा आधीच कुठेतरी बघितलेलं असतं. अंतर ३२६ किलोमीटर, वेळ ३९ मिनिटं. तिकिटावर मात्र एक तास पाच मिनिटं छापलेली असतात. मग शंका येते, यातलं खोटं काय? खोटं काहीच नाही. ३९ मिनिटं हा नुसता भागाकार आहे, आणि एक तास पाच मिनिटं हा प्रवास आहे. मधली २६ मिनिटं कुठे जातात हे एकदा समजलं की कुठल्याही दोन धावपट्ट्यांमधला वेळ तुम्ही वहीच्या एका पानावर काढू शकता. मी ज्या क्रमाने काढते त्याच क्रमाने सांगते.

आधी विमानतळ पक्का करा

गावाच्या नावावर कधीच विसंबू नका, कोड बघा. नियमित प्रवासी सेवा असलेल्या विमानतळाला तीन अक्षरी आयएटीए कोड असतो, तोच तुमच्या तिकिटावर आणि बॅगेच्या चिठ्ठीवर छापतात. वैमानिक आणि नियंत्रक वापरतात तो चार अक्षरी आयसीएओ कोड वेगळा. सॅन होजे म्हटलं तर कॅलिफोर्नियातलं एसजेसी, की कोस्टा रिकाची राजधानी एसजेओ? सिडनी म्हटलं तर ऑस्ट्रेलियातलं एसवायडी, की कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचं वायक्यूवाय? ऑस्ट्रेलियाला निघालेली माणसं या कॅनडातल्या सिडनीला जाऊन उतरल्याचं एकापेक्षा जास्त वेळा घडलं आहे.

दुसरी गोष्ट, शहराचं स्थान आणि विमानतळाचं स्थान एक नसतं. फ्रँकफर्ट-हान हे नाव वाचून विमानतळ फ्रँकफर्टच्या कडेलाच असेल असं वाटतं, पण रस्त्याने ते सुमारे १२० किलोमीटर आहे. म्हणून अक्षांश-रेखांश घ्यायचे ते विमानतळाचे. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि तो त्या देशाच्या एरोनॉटिकल इन्फर्मेशन पब्लिकेशनमध्ये, म्हणजे एआयपीमध्ये दिलेला असतो. बऱ्याच देशांचं एआयपी इंटरनेटवर मोफत वाचता येतं. मी कायम तिथूनच घेते.

उदाहरणासाठी नॉर्वेतले दोन विमानतळ घेऊ, बोडो (बीओओ) आणि ट्रॉम्सो (टीओएस). हीच जोडी का, ते थोड्या वेळात कळेल. बोडोचं स्थान ६७ अंश १६ मिनिटं उत्तर, १४ अंश २२ मिनिटं पूर्व. ट्रॉम्सोचं ६९ अंश ४१ मिनिटं उत्तर, १८ अंश ५५ मिनिटं पूर्व.

इथे थांबा, कारण सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात. ही मिनिटं म्हणजे अंशाचे साठावे भाग आहेत. त्यांना ६० ने भागून मग अंशात मिळवायचं. १६ भागिले ६० म्हणजे ०.२७, म्हणून बोडोचा अक्षांश ६७.२७. घाईत माणूस ६७.१६ लिहून मोकळा होतो, आणि तेवढ्याने विमानतळ १२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. कुणी तुम्हाला स्थानांची आयती यादी दिली, तर दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक वरपासून खालपर्यंत वाचून काढा. पूर्ण यादीत एकही आकडा ५९ च्या वर जात नसेल, तर ते दशांश नव्हेत, मिनिटं आहेत. नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

तर बदललेले आकडे असे: बोडो ६७.२७ आणि १४.३७, ट्रॉम्सो ६९.६८ आणि १८.९२.

अंतर: साठचा गुणाकार आणि एक कोसाइन

हवाई वाहतुकीत अंतर सागरी मैलात मोजतात, आणि त्यामागे एक सुंदर सोय आहे. सागरी मैल मुळात अक्षांशाच्या एका मिनिटावरूनच आला. १९२९ साली मोनॅकोतल्या परिषदेत तो १,८५२ मीटर असा कायमचा ठरला. त्यामुळे उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, मग तुम्ही पृथ्वीवर कुठेही असा.

आपल्या जोडीत अक्षांशांचा फरक २.४१ अंश. साठने गुणलं, १४४.६ सागरी मैल. अर्धं काम झालं.

पूर्व-पश्चिम बाजूला मात्र जपून. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सगळ्यात लांब असतात आणि ध्रुवावर एका बिंदूत मिळतात. म्हणून रेखांशाच्या एका अंशाची लांबी जागेप्रमाणे बदलते. किती बदलते, ते मधल्या अक्षांशाचा कोसाइन सांगतो. आपला मधला अक्षांश ६८.४८, त्याचा कोसाइन ०.३६७. रेखांशांचा फरक ४.५५ अंश. ४.५५ गुणिले ६० गुणिले ०.३६७, उत्तर १००.२ सागरी मैल.

आता शाळेतला पायथागोरस. १४४.६ चा वर्ग, १००.२ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर १७५.९. म्हणजे १७६ सागरी मैल धरा. १.८५२ ने गुणलं की ३२६ किलोमीटर.

ही जोडी मी निवडली ती त्या कोसाइनसाठी. तो घ्यायला विसरलात तर उत्तर येतं ५७२ किलोमीटर. विषुववृत्ताजवळच्या दोन गावांमध्ये हीच चूक केली तर कळणारही नाही, कारण तिथे कोसाइन जवळजवळ १ असतो. उत्तरेकडे हिशेब पार कोलमडतो. भिंतीवरच्या नकाशानेही असाच घोळ होतो. मर्केटरने १५६९ साली मांडलेल्या पद्धतीचा नकाशा असेल, तर ६८ अंशांवरचं अंतर विषुववृत्तावरच्या तेवढ्याच अंतरापेक्षा जवळपास पावणेतीन पट लांब दिसतं. अशा नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढू नका.

पाचेकशे सागरी मैलांच्या आत आणि ध्रुवाच्या अगदी जवळ नसाल तोवर ही साधी रीत पुरते. त्यापुढे गोलावरचं सूत्र वापरा: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांशांच्या फरकाचा कोसाइन. जे येईल त्याचा व्यस्त कोसाइन अंशांत काढा आणि साठने गुणा. बोडो-ट्रॉम्सोसाठी मी दोन्ही रीतींनी करून बघितलं, किलोमीटरमध्ये दोन्हीकडे ३२६ येतात. काही जण गोलावर दोरा ताणून मोजायला सांगतात. लांबच्या उड्डाणासाठी ती रीत मला फार आवडते, कारण बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग नकाशावर वाकडा का दिसतो ते डोळ्यांनी बघायला मिळतं. पण ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, त्यामुळे आपलं पूर्ण उड्डाण तिथे आठ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. जवळच्या विमानतळांसाठी तो दोरा निरुपयोगी.

पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, त्यामुळे गोल धरून काढलेल्या अंतरात जास्तीत जास्त अर्धा टक्का फरक पडतो. ३२६ किलोमीटरमध्ये तो दीड-दोन किलोमीटर. त्याच्या मागे लागू नका. मोठी तफावत पुढे आहे.

विमान सरळ जात नाही

काढलेलं अंतर हे किमान अंतर आहे, त्याहून कमी होणं शक्य नाही. प्रत्यक्षात विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. धावपट्टीवर रंगवलेले आकडे तिची दिशा सांगतात, ०९ म्हणजे साधारण ९० अंश, पूर्वेकडे तोंड. त्याच धावपट्टीचं दुसरं टोक २७. वारा पूर्वेचा असेल आणि तुम्हाला जायचं असेल पश्चिमेला, तर विमान आधी उलट दिशेला उडणार आणि मग वळून येणार. उतरतानाही तसंच. उपकरणांच्या साहाय्याने उतरायचं तर धावपट्टीच्या रेषेत साधारण आठ-दहा सागरी मैल आधी यावं लागतं. तुम्ही चुकीच्या बाजूने आलात तर विमानतळ ओलांडून पुढे जायचं, वळायचं आणि परत यायचं. खिडकीतून गाव दिसायला लागलं, तरी उतरायला दहा मिनिटं का लागतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

छोट्या मार्गासाठी या वळणांचे मी सरसकट २० सागरी मैल वाढवते. १७६ चे झाले १९६.

वेग, आणि धावपट्टीच्या कडेला घालवलेला एक आठवडा

आता विमान कुठलं ते विचारा. छोट्या मार्गांवर हा प्रश्न अंतराइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तिकीट काढताना विमानाचा प्रकार बहुधा लिहिलेला असतो. एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाचा वरच्या हवेतला वेग जास्तीत जास्त २७५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ५१० किलोमीटर. डॅश ८ चा क्यू४०० प्रकार ३६० नॉटपर्यंत जातो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ उंचावर सुमारे ४५० नॉट, पण छोट्या मार्गावर ती तितक्या उंच जातच नाहीत, म्हणून मी ४३० धरते. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, त्यामुळे सागरी मैलातलं अंतर भागिले नॉट केलं की थेट तास मिळतात.

एटीआरसाठी २७० नॉट धरू. १९६ भागिले २७०, साडेत्रेचाळीस मिनिटं. तिकिटावर मात्र ६५.

उरलेली मिनिटं मला शिकवली ती आमच्या एका वरिष्ठांनी. मी नवीन होते, माझा असाच एक भागाकार त्यांनी बघितला, काही बोलले नाहीत, खणातून स्टॉपवॉच काढून हातात दिलं आणि आठवडाभर एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागी, उभं राहायला सांगितलं. चार वेळा लिहायच्या: चाकांचे अडसर काढून विमान हललं ती, चाकांनी जमीन सोडली ती, चाकं परत जमिनीला टेकली ती, आणि विमान जागेवर येऊन थांबलं ती. हवाई क्षेत्रात त्यांना आउट, ऑफ, ऑन, इन म्हणतात. शेवटच्या दोन वेळा दुसऱ्या टोकाचा सहकारी रेडिओवरून कळवायचा. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावरची पहिली ओळ: आउट ७:१०, ऑफ ७:१९, ऑन ८:११, इन ८:१५.

ही ओळ नीट वाचा. ७:१० ते ७:१९ ही नऊ मिनिटं विमान जमिनीवरच आहे, मार्गातलं अंतर शून्य. बऱ्याच छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत न्यायची वाट, नसतो. मग विमानाला धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत टोकापर्यंत जावं लागतं, तिथे जागेवर गोल फिरायचं आणि मग धावायचं. याला बॅकट्रॅक म्हणतात. दोन किलोमीटरची धावपट्टी ताशी ३० किलोमीटरने चालायची तर चार मिनिटं तिथेच जातात. प्रवाशांना वाटतं वैमानिक उगाच रेंगाळतोय, पण दुसरी वाटच नसते.

मग ७:१९ ते ८:११, हवेतली ५२ मिनिटं. भागाकार सांगत होता ४३ किंवा ४४. वरची आठ-नऊ मिनिटं चढण्या-उतरण्यात जातात. एटीआर चढताना १७०-१८० नॉटवर असतं, २७० वर नाही. उतरण्याचा वैमानिकांचा जुना ठोकताळा असा की उंचीचे जितके हजार फूट, त्याची तिप्पट सागरी मैल आधी खाली यायला सुरुवात करायची. १७,००० फुटांवर असाल तर ५१ सागरी मैल आधी. म्हणजे १९६ मधले ५१ उतरण्यात, चाळीसेक चढण्यात, पूर्ण वेगाने काटायला उरले शंभरेक. शेवटचे मैल तर अगदी सावकाश, चाकं आणि फ्लॅप बाहेर काढून.

म्हणून माझी रीत अशी: वळणांसकट अंतर भागिले वेग, त्यात चढ-उताराची ९ ते १० मिनिटं, त्यात जमिनीवरची दोन्ही टोकांची मिळून १२-१३. एटीआरसाठी साडेत्रेचाळीस, नऊ आणि तेरा, म्हणजे ६५ ते ६६. वहीतल्या ओळीशी जुळतं. आउटपासून इनपर्यंतच्या या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर छापतात ती हीच. भागाकाराची ३९ मिनिटं त्यात कुठेच दिसत नाहीत.

याच मार्गावर जेट घातलं तर काय? १९६ भागिले ४३०, २७ मिनिटं. अधिक १०, अधिक १३, एकूण ५०. वेग जवळपास साठ टक्क्यांनी जास्त, आणि वाचली १५ मिनिटं. कारण चढण्याची, वळण्याची आणि जमिनीवरची मिनिटं दोघांनाही द्यावीच लागतात. "जेट नाही, पंख्याचं विमान आहे" म्हणून छोट्या मार्गावरचं उड्डाण टाळणाऱ्यांना मी हा हिशेब आवर्जून दाखवते.

याचं टोक बघायचं असेल तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर बघा. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सगळ्यात छोटं नियमित प्रवासी उड्डाण, अंतर २.७ किलोमीटर, १९६७ पासून चालू आहे. तिथलं छोटं आयलँडर विमान ताशी २५० किलोमीटरने जातं असं धरलं तर भागाकार ३९ सेकंद येतो. वेळापत्रकात दोन मिनिटं दिलेली आहेत. वारा अनुकूल असताना झालेला विक्रमसुद्धा ५३ सेकंदांचा आहे, ३९ चा नाही.

वारा

वाऱ्याची दिशा सांगताना तो कुठून येतो ते सांगतात, कुठे जातो ते नाही. २७० अंश, ४० नॉट म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या एटीआरला तो समोरून, जमिनीवरचा वेग २७० मधून ४० गेले, २३०. परतताना पाठीमागून, ३१०. वारा तिरका असेल तर त्याच्या वेगाला मार्गाशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनने गुणा. साठ अंशांचा कोन असेल तर निम्मा वारा धरा, काटकोनात असेल तर वेळेच्या हिशेबात सोडून दिला तरी चालेल.

बऱ्याच जणांना वाटतं की जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो. तसं होत नाही. १९६ सागरी मैल २३० नॉटने ५१ मिनिटं, ३१० नॉटने ३८. बेरीज ८९. वारा नसता तर दोन्हीकडचे मिळून ८७. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून वारा असला की जाऊन-येऊन तोटाच होतो. इथे तो दोन मिनिटांचा आहे, वारा वाढला की तो झपाट्याने वाढतो.

मध्य अक्षांशांत वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे जेट प्रवाह वाहतात, ३०-४० हजार फुटांच्या आसपास, आणि हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. टर्बोप्रॉप त्यांच्या खालूनच जातं, पण त्याचा स्वतःचाच वेग कमी, त्यामुळे ४० नॉटचा वारासुद्धा त्याला जाणवतो. एकाच मार्गाचा छापील वेळ जाताना एक आणि येताना दुसरा, किंवा उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा दिसला तर गोंधळू नका. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जुना स्क्रीनशॉट जपून ठेवला असेल तर तो या तारखांनंतर वापरू नका.

घड्याळ

तिकिटावरची सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. दोन्ही आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत, बदला आणि मगच वजाबाकी करा. सगळीकडे पूर्ण तासाचाच फरक असतो असं समजू नका. भारताचा साडेपाच तासांचा आहे, नेपाळचा पावणेसहा.

या बाबतीत मला सगळ्यात शिकवून जाणारी जोडी म्हणजे सामोआतलं आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो. अंतर सुमारे १५० किलोमीटर, विमानाने तासाच्या आतला प्रवास. पण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि रेषेच्या दुसऱ्या बाजूला उडी मारली. आता दोन्हीकडची घड्याळं सारखीच वेळ दाखवतात, तारीख मात्र एका दिवसाने वेगळी. आपियाहून मंगळवारी सकाळी निघालेला माणूस सोमवारी सकाळी उतरतो. हॉटेल कुठल्या तारखेचं घ्यायचं, ते अशा ठिकाणी बोटांवर मोजून बघा.

सरळ विमान आहे का?

हा प्रश्न मी सुरुवातीलाच विचारते, इथे शेवटी लिहिला कारण त्याचं उत्तर वरच्या सगळ्या हिशेबावर उभं आहे. दोन छोट्या विमानतळांमध्ये बहुधा थेट उड्डाण नसतंच. मग ३२६ किलोमीटर हा आकडा खरा असूनही तुमच्या कामाचा राहत नाही. मोठ्या विमानतळापर्यंतचा एक ब्लॉक टाइम, तिथला थांबा, मग दुसरा ब्लॉक टाइम, असं मांडा. थांब्यासाठी प्रत्येक विमानतळाची किमान वेळ ठरलेली असते, आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर कंपनी ती सांभाळते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर बॅग स्वतः घ्यायची, परत द्यायची, आणि पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही. अशा वेळी तीन तासांपेक्षा कमी थांबा ठेवू नका, असं मी सांगते. कधी कधी बेरीज करून झाली की रस्ताच बरा ठरतो, आणि तसं निघालं तर मी तेही सरळ सांगते.

आणखी एक चौकशी छोट्या विमानतळाबाबत केलीच पाहिजे: तो बंद किती वाजता होतो? मोठे बरेचसे विमानतळ रात्रभर चालू असतात, छोटे बरेचसे नसतात. नियंत्रक घरी जातो, अग्निशमन दल घरी जातं, कुठे धावपट्टीला दिवेच नसतात. हिवाळ्यातली एक संध्याकाळ मला आठवते. पोचण्याच्या विमानतळावर साडेसहाच्या आत उतरायचं होतं. समोरचा वारा २५ नॉट धरून मी ६:२६ ची वेळ काढली होती. निघायच्या आधी नवा अंदाज आला, ४५ नॉट. हवेतली चार मिनिटं वाढली. दुसऱ्या विमानातून येणाऱ्या प्रवाशांसाठी आम्ही तीन मिनिटं थांबलो होतो. ६:३३. मी कॅप्टनला आकडा दाखवला, त्यांनी मान हलवली, आणि ६१ प्रवासी परत टर्मिनलमध्ये आले. त्यातल्या एक बाई माझ्यापाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण अंतर तर तेवढंच आहे ना?"

अंतर तेवढंच होतं. मी त्यांना बसवून वहीच्या पानावर हाच हिशेब करून दाखवला, २४५ नॉटने ४८ मिनिटं, २२५ नॉटने ५२. त्यांनी तो पूर्ण ऐकला आणि दुसऱ्या दिवशीचं सकाळचं विमान मागून घेतलं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगते, छोट्या विमानतळावर जायचं असेल तर दिवसातलं शेवटचं विमान घेऊ नका, त्याच्या आधीचं घ्या. तसं नसेलच, तर तिकीट काढण्यापूर्वी विमानतळाला फोन करून शेवटचं विमान किती वाजेपर्यंत उतरू देतात ते विचारा, आणि तुमच्या उतरण्याच्या वेळेपासून त्यापर्यंत निदान अर्धा तास उरतोय का ते बघा.